सर्व्हर आपल्याकडे, क्लाऊडवर की दोन्हीकडे?

आपल्या नागपुरात इतवारीतला ठोक व्यापारी असो, धंतोलीतलं डायग्नोस्टिक सेंटर असो की बुटीबोरीतला कारखाना, हा प्रश्न सगळ्यांपुढे साधारण एकाच वेळी येतो. जुना सर्व्हर, म्हणजे ऑफिसातला सगळा डेटा सांभाळणारं मुख्य यंत्र, पाच-सहा वर्षांचा होऊन कुरकुरायला लागतो, हार्डवेअरवाला नव्याचं कोटेशन देतो आणि त्याच सुमारास कुणीतरी सांगतं, "कायले घेता भाऊ, सगळं क्लाऊडवर टाका." मग दोन कोटेशनं शेजारी-शेजारी ठेवली जातात. एकावर एकरकमी मोठा आकडा, दुसऱ्यावर दरमहा छोटा. ज्या डेटासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्याबद्दल दोन्ही कागदांवर एक ओळही नसते.

म्हणून सुरुवात डेटापासून करू. आख्ख्या धंद्यासाठी एकच उत्तर शोधायला गेलात की फसलात. तुमच्याकडे कोणकोणता डेटा आहे ते एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी मांडा: हा डेटा किती वेळ मिळाला नाही तर चालेल, आणि बिघाड झालाच तर शेवटचा किती तासांचा डेटा पुन्हा हाताने भरायची तयारी आहे? कळमन्याच्या बाजारात हंगामात सकाळी लिलाव चालू असताना अडतियाचं बिलिंग अर्धा तास थांबलं तरी गाड्या खोळंबतात आणि शेतकरी हिशेबपट्टीसाठी ताटकळतो. त्याच अडतियाची दोन वर्षांपूर्वीची बिलं मात्र दोन दिवस उघडली नाहीत तरी कुणाचं काही अडत नाही. डेटा एकाच दुकानातला असला, तरी या दोन्हींसाठी सारखाच पैसा ओतणं बरोबर नाही.

आता तीन पर्याय म्हणजे नेमकं काय ते पाहू. पहिल्यात यंत्र तुमचं, खोली तुमची, वीज तुमची आणि बिघडलं तर धावपळही तुमची. दुसऱ्यात, म्हणजे क्लाऊडमध्ये, यंत्रं दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये, म्हणजे खास सर्व्हर ठेवायच्या इमारतीत, असतात आणि तुम्ही वापराचं भाडं देता. तिसऱ्यात काही इथे, काही तिथे. त्याला हायब्रिड म्हणतात.

क्लाऊड म्हणजे डेटा परदेशात गेला, असा समज अजून बराच आहे. ॲमेझॉनची डेटा सेंटरं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादला २०२२ पासून आहेत. मायक्रोसॉफ्टची पुण्यात, गुगलची मुंबई आणि दिल्लीत आहेत. डेटा कुठल्या ठिकाणी ठेवायचा हे क्लाऊडवर सर्व्हर किंवा जागा घेताना तुम्हीच निवडता. फक्त ती निवड खरोखर तुम्ही करा. घाईत समोर जे आधीच निवडलेलं दिसतं ते तसंच ठेवलं, तर डेटा अमेरिकेत जाऊन बसू शकतो.

दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो. क्लाऊडवर टाकलं की सांभाळायची जबाबदारी त्यांची, असं वाटतं. क्लाऊड दोन तऱ्हेचा असतो. ब्राउझरमध्ये उघडणारं तयार सॉफ्टवेअर घेतलं, तर यंत्र, अपडेट, दुरुस्ती हे सगळं पुरवणारा बघतो. पण क्लाऊडवर नुसता सर्व्हर भाड्याने घेतला, तर इमारत, वीज आणि यंत्र त्यांचं. विंडोजचे अपडेट, पासवर्ड, कुणाला काय दिसावं याची मुभा आणि बॅकअप हे सगळं तुमचं. करारात ही वाटणी स्पष्ट लिहिलेली असते. ती न वाचता सही करणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

नागपूरचं ऊन, नागपूरचं पाणी

सर्व्हरला आत जाणारी हवा साधारण १८ ते २७ अंशांची असावी, असा डेटा सेंटरवाल्यांचा सर्वमान्य दंडक आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. एसी लावलेला असतो, ते ठीक आहे. पण लाईट गेली की काय होतं ते एकदा उभं राहून बघा. यूपीएसवर सर्व्हर असतो, एसी नसतो. सर्व्हर बॅटरीवर चालत राहतो, उष्णता फेकत राहतो आणि जिन्याखालची ती बंद खोली थोड्याच वेळात भट्टीसारखी तापते. त्यामुळे यूपीएस जितका मोठा, तितका वेळ सर्व्हर त्या उष्णतेत. उपाय साधा आहे: खोलीत तापमापक बसवा आणि पारा ठरावीक अंशांवर गेला की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल अशी सोय करून घ्या. जनरेटर असेल तर एसी त्याच्यावर घ्या.

आणि कूलर त्या खोलीत चुकूनही लावू नका. ऑफिसात इतरत्र कूलर चालतो म्हणून सर्व्हरकडे त्याची एक झोत वळवलेली मी पाहिली आहे. ओली हवा आणि तिच्याबरोबर येणारी धूळ सर्किटवर बसते, जोड गंजतात आणि पावसाळ्यात कारण न कळता यंत्र बंद पडायला लागतं.

पाण्याचंही तसंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउटपासून सीताबर्डीतल्या मोरभवन बस स्थानकापर्यंत घुसलं. तळमजल्यावरची दुकानं, ऑफिसं त्या सकाळी पाण्यात होती. सर्व्हर तळमजल्यावर, बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात, अशी मांडणी असेल तर दोन्ही एकदम जातात. सर्व्हर आपल्याकडेच ठेवायचा असेल तर तो वरच्या मजल्यावर न्या, आणि बॅकअपची एक प्रत शहराबाहेर असू द्या.

मधली तार

क्लाऊडची कमजोर बाजू त्यांच्या इमारतीत नसते. ती तुमच्या दारासमोरच्या रस्त्यात असते. सिमेंटचे रस्ते, उड्डाणपूल, जलवाहिन्या यांच्यासाठी खोदकाम चालू असतं आणि जेसीबीच्या एका फटक्यात इंटरनेटची फायबर तुटते. त्यामुळे क्लाऊडवर जाणाऱ्याने दोन कंपन्यांच्या दोन लाईन घ्याव्यात. त्या दोन्ही एकाच खांबावरून, एकाच नालीतून येत नाहीत ना, हे लाईनमनला विचारून स्वतः पाहून घ्यावं. कारण दोन कंपन्या आणि एकच खड्डा असेल, तर दुसऱ्या लाईनचे पैसे वाया. तिसरा आधार म्हणून मोबाईल डेटावरचा राऊटर कपाटात असला तर बिलिंग तरी चालतं.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि इथे बहुतेक सगळ्यांचा गोंधळ होतो. "आमच्याकडे १०० एमबीपीएस आहे, तरी क्लाऊडवरची फाईल सरकत नाही," अशी तक्रार असते. तारेची रुंदी आणि जाण्या-येण्याचा वेळ या वेगळ्या गोष्टी आहेत. ऑफिसातल्या ऑफिसात संगणकाने सर्व्हरला काही विचारलं तर उत्तर अर्ध्या मिलिसेकंदात येतं. नागपूरहून मुंबईला विचारून यायला साधारण २५ मिलिसेकंद धरा. टॅलीसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर एक रिपोर्ट काढताना डेटाच्या फाईलला एकामागून एक हजारो छोटे प्रश्न विचारतं. पाच हजार प्रश्न असले, तर ऑफिसात अडीच सेकंद लागतात आणि मुंबईहून १२५ सेकंद. लाईन कितीही रुंद केली तरी हा वेळ घटत नाही, कारण प्रत्येक प्रश्न आधीच्याच्या उत्तरासाठी थांबलेला असतो.

म्हणून असं सॉफ्टवेअर क्लाऊडवर न्यायचं, तर सॉफ्टवेअर आणि डेटा दोन्ही तिथेच एका यंत्रावर ठेवावे लागतात आणि आपण इथून फक्त त्याचा पडदा बघायचा. क्लाऊडवर टॅली म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक असंच असतं. त्यात एक धोका असतो. पडदा दाखवणारं ते दार, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, इंटरनेटवर सरळ उघडं ठेवलं तर खंडणीखोर व्हायरस सोडणारे ते शोधून काढतात आणि दिवसरात्र पासवर्ड लावून पाहतात. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारे अनेक हल्ले याच दारातून होतात. व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी, सुरक्षित वाटेनेच, आत जाता येईल आणि मोबाईलवर आलेला कोड टाकल्याशिवाय दार उघडणार नाही, एवढं पुरवणाऱ्याकडून लिहून घ्या.

पैशांचा हिशेब

आपल्याकडच्या सर्व्हरची किंमत कोटेशनवर असते तेवढी कधीच नसते. चारशे वॅट खेचणारा सर्व्हर चोवीस तास, वर्षभर चालला तर ३,५०४ युनिट होतात. युनिटला १२ रुपये धरले तर ४२ हजार रुपये, आणि त्याला गार ठेवणाऱ्या एसीचं बिल वेगळं. वर यूपीएसच्या बॅटऱ्या दर काही वर्षांनी बदलायच्या, विंडोजचा परवाना, वार्षिक देखभालीचा करार, आणि रविवारी रात्री बंद पडला तर येणारा माणूस. हे सगळं पाच वर्षांवर पसरून महिन्याचा आकडा काढा, मगच क्लाऊडच्या महिन्याच्या आकड्याशेजारी ठेवा.

क्लाऊडचं भाडं तासावर असतं, याचा फायदा फार कमी लोक घेतात. ऑफिस आठवड्यातून सहा दिवस, रोज दहा तास चालत असेल तर आठवड्याच्या १६८ तासांपैकी ६० तासच सर्व्हर लागतो. रात्री आणि रविवारी तो आपोआप बंद होईल असं लावलं, तर यंत्राचं भाडं जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतं. डिस्कचं भाडं मात्र चालू राहतं. दुसरा छुपा आकडा बाहेर पडणाऱ्या डेटाचा. डेटा आत टाकायला पैसे लागत नाहीत, बाहेर काढायला लागतात. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रात महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, पुढे जीबीमागे सुमारे ११ सेंट. हिशेबाच्या फायलींना हे जाणवणारही नाही. रोज शेकडो ग्राहकांना व्हिडिओ दाखवणाऱ्याला मात्र घाम फुटेल.

काम वर्षभर सारखंच, चोवीस तास असेल तर आपलं यंत्र बहुधा स्वस्त पडतं. बेसकॅम्प हे कामांचं नियोजन करायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्स या अमेरिकन कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये क्लाऊड सोडत असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षी त्यांचं क्लाऊडचं बिल ३२ लाख डॉलर होतं. हे उदाहरण हल्ली सर्रास दिलं जातं. पण त्यांनी यंत्रं स्वतःची घेतली आणि ठेवली ती भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये, हे सांगायचं राहून जातं. हा मार्ग आपल्याकडच्या मध्यम कंपन्यांनीही विचारात घ्यावा: यंत्र तुमचं, पण वीज, गारवा आणि पहारा व्यावसायिकांचा.

उलट ज्यांचं काम हंगामी आहे, त्यांना क्लाऊड शोभतो. शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाचे दोन महिने, संत्र्याच्या बहराचा काळ, सीएच्या ऑफिसातले रिटर्नचे दिवस. गर्दीच्या काळात मोठं यंत्र घ्यायचं आणि गर्दी सरली की लहान करायचं.

दोन्हीकडे ठेवायचं ते कसं

धंतोली-रामदासपेठेतल्या सीटी स्कॅन सेंटरचं उदाहरण घेतो, कारण हायब्रिडची गरज तिथे स्वच्छ दिसते. एका स्कॅनमध्ये शेकडो चित्रं असतात. सरासरी ४०० एमबी धरू. दिवसाला ४० पेशंट म्हणजे १६ जीबी. डॉक्टर मशीनशेजारच्या पडद्यावर ही चित्रं भराभर सरकवत बघतात. ती मुंबईहून येऊन चालणार नाही, म्हणून ताजा डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर. पण रात्री दोन वाजता अपघाताचा पेशंट आला आणि रेडिओलॉजिस्ट घरी आहेत, तर त्यांना तीच चित्रं क्लाऊडवरून दिसायला हवीत. ५० एमबीपीएस अपलोडच्या लाईनवर दिवसभराचे १६ जीबी पाऊण तासात वर जातात, आणि एक तातडीचा स्कॅन मिनिटा-दीड मिनिटात. वर्षभराहून जुने स्कॅन क्लाऊडच्या स्वस्त, संथ कप्प्यात टाकता येतात. हा हिशेब जुळतो, म्हणून इथे हायब्रिड योग्य. लाईन घेताना जाहिरातीतला डाऊनलोडचा आकडा पाहू नका, अपलोडचा विचारा.

कारखान्याचंही असंच. बुटीबोरी किंवा हिंगण्यात यंत्रं चालवणारी नियंत्रणप्रणाली कारखान्याच्या आवारातच असली पाहिजे. रस्त्यावरची फायबर तुटली म्हणून उत्पादन थांबता कामा नये. ईमेल, पगारपत्रक आणि माल रवाना झाल्याच्या नोंदी खुशाल क्लाऊडवर जाऊ द्या.

हायब्रिडची किंमत म्हणजे दोन घरं सांभाळणं. त्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो मूळ प्रत कोणती हे न ठरवल्याने. गोदामातला माणूस इथल्या सर्व्हरवर स्टॉक कमी करतो, त्याच वेळी सेल्समन क्लाऊडवर ऑर्डर घेतो, दोन्ही यंत्रणा एकमेकांवर लिहितात आणि संध्याकाळी पन्नास पोती हिशेबातून गायब. प्रत्येक तऱ्हेच्या डेटासाठी एकच ठिकाण मूळ. दुसरीकडे फक्त नक्कल, तीही वाचण्यापुरती. हा नियम कागदावर लिहून काढा.

बॅकअप, रिस्टोअर आणि कायदा

या तिन्ही पर्यायांपेक्षा मला बॅकअपची जास्त काळजी वाटते, कारण डेटा कुठेही ठेवला तरी जाऊ शकतो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच या क्लाऊड कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांनी दुसरीकडे बॅकअप ठेवला नव्हता त्यांचं कायमचं गेलं. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या साठवणीतला ८५८ टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी) डेटा गेला. तो स्वतःच्याच इमारतीत होता, पण त्याची बाहेर प्रत नव्हती. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गुगल क्लाऊडवरची एक मोठी यंत्रणा गुगलकडच्या चुकीने पुसली गेली. ती उभी करताना दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेला बॅकअप कामी आला.

जुना नियम आजही पुरतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक शहराबाहेर. त्यात हल्लीच्या काळाची एक भर घाला: एक प्रत अशी, की ठरावीक दिवस ती कुणालाच, मालकालाही, पुसता किंवा बदलता येणार नाही. क्लाऊडवर ही सोय मिळते, मागून घ्यावी लागते. आणि फोल्डर आपोआप क्लाऊडवर जुळवून ठेवणं हा बॅकअप धरू नका. इथली फाईल पुसली की तिथलीही पुसली जाते. इथली व्हायरसने कुलूपबंद केली की तिथेही तीच चढते.

गांधीबागेतल्या एका कापड दुकानातून दिवाळीच्या तोंडावर फोन आला होता, "भाऊ, बिल निघून नाही राहिलं." सर्व्हरची डिस्क गेलेली. बॅकअपचा डबा शेजारीच, हिरवा दिवा लुकलुकतोय. आतली शेवटची फाईल आठ महिन्यांपूर्वीची. डबा चालू होता, त्यात काहीच जात नव्हतं, आणि तो उघडून कुणी पाहिला नव्हता. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून खरोखर एक दिवसाचा हिशेब दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायला लावा, आणि घड्याळ लावा. दोन टीबी डेटा १०० एमबीपीएसवर क्लाऊडवरून परत आणायला सुमारे ४४ तास लागतात. म्हणून बाहेरची प्रत वाचवण्यासाठी असते आणि जवळची प्रत लवकर उभं राहण्यासाठी, दोन्ही लागतात.

कायद्याचं थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटाची पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि डेटा क्लाऊडवाल्याकडे असला तरी ग्राहकाच्या माहितीची जबाबदारी तुमच्याकडेच राहते. सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ला कळल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. खासगी मर्यादित कंपनी असाल तर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असणं ऑगस्ट २०२२ पासून बंधनकारक आहे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या. पाच वर्षांत सॉफ्टवेअर बदललं तर त्या जुन्या नोंदी कशात उघडणार, हे सही करण्याआधी विचारा. सगळा डेटा एक्सेलसारख्या सर्वत्र चालणाऱ्या रूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत देणार, हे करारात हवंच.

हलवाहलव ठरलीच, तर मार्च आणि दिवाळीचा महिना टाळा. आधी ईमेल हलवा, मग बॅकअप, मग जुन्या फायली, आणि बिलिंग सगळ्यात शेवटी, पहिले पंधरा दिवस दोन्हीकडे समांतर चालवून. जुना सर्व्हर पुढचे दोन-तीन महिने फक्त वाचण्यापुरता चालू राहू द्या. नंतर तो भंगारात देताना त्यातल्या डिस्क काढून घ्या आणि पुसण्याच्या सॉफ्टवेअरने पूर्ण पुसा किंवा सरळ भोकं पाडून निकामी करा. नुसत्या डिलीट केलेल्या फायली त्या डिस्कवरून कुणीही परत काढू शकतो, आणि त्यात तुमच्या ग्राहकांचे फोन नंबर असतात.